जरीखालची लक्ष्मी

नवरात्र आटोपून दिवाळी तोंडावर आली, की बुऱ्हाणपुरातल्या जुन्या घरांत पहिले काम निघते ते भिंती मोकळ्या करण्याचे. रंग द्यायचा तर तसबिरी उतरवल्या पाहिजेत. आमच्या घरी हे काम पूर्वी वडिलांकडे होते, आता माझ्याकडे आहे. स्टुलावर चढायचे, खिळ्यावरची दोरी सोडवायची, तसबीर खाली सौभाग्यवतींच्या हाती द्यायची आणि "मागे पाल आहे का बघ" असे दर वेळी न चुकता सांगायचे. तसबीर उतरली की तिच्या जागी भिंतीवर जुन्या रंगाचा एक स्वच्छ चौकोन दिसतो. बाकीची भिंत वर्षभराच्या उन्हाने आणि उदबत्तीच्या धुराने विटलेली, आणि तेवढा चौकोन मात्र कालच रंगवल्यासारखा. आमच्या घरात असे अठरा चौकोन आहेत. गेल्या वर्षी एकोणिसावा झाला.

त्याची हकिकत अशी. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे. मे महिन्यात तो आई-वडिलांना भेटायला आला, तेव्हा पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून एक चित्र घेऊन आला. "सर, तुम्हाला चित्रांचा नाद आहे म्हणून आणलं," म्हणाला. बर्फाचे शेत, निष्पर्ण झाड, एक काळी घोडागाडी आणि तिच्याजवळ उभी असलेली चार माणसे. पुरुषांच्या डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या, बायकांच्या डोक्याला बांधलेली साधी टोपडी. चेहऱ्यांच्या जागी नुसता रंगाचा ठिपका, नाक-डोळे काही नाही. चित्राखाली पांढऱ्या पट्टीत पेन्सिलने चित्रकाराची सही आणि डाव्या बाजूला आकडा, ३१२ / ९५०.

"रेशनकार्डाचा नंबर आहे का हो हा?" आमच्या सौ. नी विचारले.

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. या चित्राच्या नऊशे पन्नासच प्रती छापल्या, त्यातली ही तीनशे बारावी, यापुढे छापणार नाही, अशी ती ग्वाही आहे. मर्यादित आवृत्ती म्हणतात ती हीच. तिकडे अशी चित्रे जमवणारे हजारो लोक आहेत. रिकाम्या जागा भरून काढाव्यात तशी एकेका चित्रकाराची सगळी चित्रे ते मिळवतात, चौकटीत घालतात आणि आकडा जपतात.

चित्रातली माणसे आहेत अमिश पंथाची. १६९३ साली स्वित्झर्लंड आणि अल्सास भागातल्या एका ख्रिस्ती पंथात फूट पडली. त्यातल्या कडक शिस्तीच्या गटाचा पुढारी याकोब अम्मान, त्याच्या नावावरून हे अमिश. अठराव्या शतकात छळाला कंटाळून आणि जमिनीच्या शोधात त्यांची कुटुंबे पेनसिल्व्हेनियात आली आणि शेती करू लागली. आजही ती घोडागाडीने हिंडतात, सरकारी तारेवरची वीज घरात घेत नाहीत, साधे एकरंगी कपडे घालतात. मौज पुढेच आहे. मूर्ती घडवू नये, ही बायबलातली आज्ञा ते फार काटेकोरपणे पाळतात. स्वतःचा फोटो काढून घेणे त्यांना आवडत नाही आणि माणसांच्या तसबिरी सहसा त्यांच्या भिंतीवर नसतात. म्हणजे ज्यांच्या घरात चित्र नाही त्यांची चित्रे इतरांच्या घरोघर! चेहऱ्यावर नाक-डोळे का नाहीत, याचा उलगडा मला तेव्हा झाला.

या आकड्यावरून माझ्या डोक्यात जे चक्र सुरू झाले ते आमच्याच घरातल्या एका तसबिरीपाशी येऊन थांबले. तिच्याविषयी लिहावे असे फार दिवस मनात होते, हात होत नव्हता. पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळायचे नाही, आणि इतिहासाच्या मास्तराला एवढी मोकळीक वाचक देतीलच.

चित्राखाली आकडा घालण्याची रीत मुळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांसाठी रास्त होती. पत्रा दाबाखाली झिजतो. पहिल्या प्रती ठसठशीत निघतात, पुढच्या पुसट होत जातात. तेव्हा कितवी प्रत हे गिऱ्हाइकाला सांगणे हा सरळ व्यवहार झाला. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेन्सिलने सही आणि पुढे क्रमांक, हा शिरस्ता रुजला. पण १७९६ च्या सुमारास जर्मनीत झेनेफेल्डर नावाच्या माणसाने दगडावरून छापण्याची युक्ती काढली होती. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, वर छापण्याची शाई फिरवायची. पाणी आणि तेल यांचे जमत नाही, त्यामुळे शाई चित्रालाच धरते. हा शिळाछाप. दगड पत्र्यासारखा भराभर झिजत नाही, हजारो प्रती निघतात. आणि आता तर यंत्रावर फोटो घेऊन छापतात, तिथे नऊशे पन्नासावी प्रत पहिलीपेक्षा तसूभरही उणी नसते. तिथला आकडा झिजेचा हिशेब सांगत नाही. तो दुर्मिळपणा मुद्दाम तयार करतो.

आपल्याकडे छापील चित्रांचा जन्म झाला तो नेमक्या उलट हेतूने. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली. निबंधमाला चालू होती, न्यू इंग्लिश स्कूल आणि केसरी पुढे यायचे होते. मराठी माणसाला त्याचा इतिहास आणि त्याचे देव स्वस्तात, रंगीत आणि घरच्या छापखान्यात छापलेले मिळावेत, ही त्यामागची तळमळ. रामपंचायतन, नाना फडणीस अशी चित्रे शिळाछापावर निघाली. शास्त्रीबुवा १८८२ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षीच गेले, पण वासुकाका जोशांनी चित्रशाळा पुढे कितीतरी वर्षे चालवली. त्या छापखान्यात कोणी म्हणाले असते, की बुवा, नाना फडणिसाच्या साडेनऊशेच प्रती काढू आणि दगड पुसून टाकू, तर त्याला वेड्यात काढले असते.

राजा रविवर्म्याचे तेच. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्याला सुचवले होते, की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे आणि हात तर दोनच, तेव्हा युरोपातून त्यांची छापील चित्रे करवून घ्या. रविवर्म्याने युरोपाऐवजी १८९४ साली मुंबईतच छापखाना घातला, यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणले. मुंबईत प्लेग आला तसा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. धंद्यात खोट बसली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. रविवर्मा १९०६ मध्ये वारला, छापखाना मात्र चालतच राहिला. आपले दादासाहेब फाळके सिनेमाच्या नादी लागण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम करीत होते. १९७२ च्या आगीत उरलेसुरले खाक झाले. एका चित्रासाठी रंगागणिक एक दगड, असे डझनावारी दगड लागत. ते दगड गेले, आणि ज्या चित्रांच्या प्रतींना कोणी आकडा घातला नव्हता ती आपोआप मर्यादित झाली. वाळवी, कसर, गळकी कौले आणि दिवाळीची सफाई यांनी त्यांची आवृत्ती दर वर्षी आणखी लहान केली.

ही चित्रे बुऱ्हाणपुरात आली ती आगगाडीने. मुंबईहून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये पुरा झाला. आमचे स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटरवर लालबागेत. तेव्हा हे गाव शिंद्यांकडून इंग्रजांकडे येऊन दहाच वर्षे झाली होती. त्याआधी फारुकी, मोगल, निजाम, १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर मराठे, अशी आमची शंभर धन्यांची नगरी. १९५६ मध्ये भाषेवरून राज्ये झाली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. सातपुड्याच्या अलीकडची मराठी घरे आणि रावेरची सोयरीक कायम राहिली, शाळेत मात्र हिंदी आली. अशा घरांत पुण्या-मुंबईची चित्रे म्हणजे नुसते देव नव्हते. माहेरून आलेल्या वस्तू भिंतीवर लावाव्यात, तशी ती लावली जात. देवघरात रामपंचायतन, माजघरात रविवर्म्याची लक्ष्मी. ती लक्ष्मी कोणाला सांगायला हवी? कमळावर उभी, चार हात, वरच्या दोन हातांत कमळे, बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती.

या लक्ष्मीला बुऱ्हाणपुराने आपल्या परीने एक जोड दिली. तॅव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात येथे आला होता. येथली तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातात, आणि काहींवर सोन्या-रुप्याची फुले असतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्या सोन्या-रुप्याच्या तारा येथेच ओढल्या जात. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवून ती लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढायची, केसासारखी झाली की चपटी करून रेशमावर गुंडाळायची. हा कलाबतू. आता गावात यंत्रमागांचा खडखडाट आहे आणि कलाबतू ओढणारी घरे इतिहासात जमा झाली आहेत, पण माझ्या आजीच्या पिढीत जर हा शब्द घराघरात तांदळाइतका ओळखीचा होता. जुन्या शालूचा फाटका काठही कोणी टाकीत नसे.

तेव्हाच्या बायका काय करीत? नव्या तसबिरीची काच काढून देवीच्या साडीच्या मापाने खरे कापड कापत, ते चित्रावर टाके घालून नाहीतर खळीने बसवत. काठाला जर, पदराला गोटा, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या. चेहरा, हात, पाय तेवढे छापील राहत. मग काच परत बसवायची. अशी नटवलेली चित्रे देशात इतरत्रही झाली, आमचीच मिरासदारी आहे असे नाही. पण जिथे जर घरात होती तिथे ती अधिक खुलली.

आमच्या माजघरातली लक्ष्मी अशी होती. ती नटवली होती माझ्या आत्याने. तिला आम्ही आक्का म्हणत असू. आक्का माझ्या वडिलांपेक्षा बरीच मोठी. लग्नानंतर दोन वर्षांतच ती कपाळ पांढरे करून माहेरी आली आणि पुढे साठ-एक वर्षे याच घरात राहिली. घरच्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात असे. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाची सगळी तयारी तिची, पूजेला मात्र दुसऱ्या कोणी बसायचे.

आता माझी गोष्ट. मी १९९३ साली इतिहासात एम. ए. झालो आणि पुढच्याच वर्षी शाळेत लागलो. चित्रांचा नाद तेव्हाचा. रद्दीवाल्याकडे, काच-चौकटीच्या दुकानांत, घरे पाडणाऱ्या ठेकेदारांच्या ढिगाऱ्यांत मी जुन्या तसबिरी शोधीत फिरे. दहा-वीस रुपयांत चित्र मिळे, दुकानदाराला चौकटीची किंमत असे, आतल्या कागदाची नसे. खिशात भिंग ठेवी. शिळाछापात रंगाचे दाणे वेडेवाकडे विखुरलेले दिसतात, यंत्रावरच्या नव्या छपाईत ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत. एवढी एक खूण कळली की निम्मी फसवणूक टळते. चुकाही केल्या. चौकटीमागे आमच्याच नेपानगरच्या कारखान्यातला वृत्तपत्राचा कागद घालीत असे. देशातला हा पहिला वृत्तपत्र-कागदाचा कारखाना, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला, त्याचा मला अभिमान. पण वृत्तपत्राचा कागद आम्लधर्मी. तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. माझी दोन चित्रे या अभिमानापायी तपकिरी झाली.

त्या दिवसांत माझी अशी ठाम समजूत झाली होती, की चित्राची खरी किंमत खालच्या पांढऱ्या पट्टीत असते. तिथे चित्राचे नाव, छापखान्याचे नाव आणि गाव छापलेले असते. रविवर्म्याच्या नावावर खपवलेल्या नकला पुष्कळ, तेव्हा पट्टी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आमच्या लक्ष्मीची पट्टी आक्काने लावलेल्या गोट्याखाली झाकलेली होती. १९९५ च्या दिवाळीपूर्वी तसबीर उतरवली तेव्हा मी म्हटले, "आक्का, जरा उघडून बघू का?"

आक्का ओसरीवर डाळ निवडीत होती. "बघ की बाबा. सांभाळून."

मी खालचा गोटा काढला. छापखान्याचे नाव निघाले, कार्ले-लोणावळा. काम झाले होते. मी तिथे थांबलो असतो तर आज हा लेख लिहिला नसता. पण खळ वाळून कापड एका बाजूने सुटले होते, आणि त्याखाली जो रंग दिसला त्याने मी वेडावलो. पन्नास-पंचावन्न वर्षांत उजेड न लागलेला लाल रंग! उघड्या राहिलेल्या चेहऱ्याचा रंग विटून शेवाळी झाला होता आणि साडीचा रंग काल छापल्यासारखा. मला वाटले, हे मूळ चित्र, यावर उगाच ओझे चढवले आहे. ब्लेडने एकेक टाका तोडून मी पदर काढला, काठ काढला, मणी काढले. संध्याकाळपर्यंत लक्ष्मी मोकळी झाली आणि पाटावर जरीचा एक लहानसा ढीग झाला.

आक्का उठून आली. "काय सापडलं?"

"छापखान्याचं नाव, आक्का. अस्सल आहे."

तिने चित्राकडे बराच वेळ पाहिले. "मग आधी नकली होती का रे?" तिने विचारले. रागाने नाही. खरोखरच विचारले.

मी तिला मूळ कृती आणि मागाहूनची भर यांतला फरक समजावून सांगितला. एम. ए. ला शिकलो होतो तसा. तिने ऐकून घेतले.

दोन-चार दिवसांनी गल्लीत जुनी जर विकत घेणारा आला. असे लोक काठ तोलून घेतात आणि जाळून त्यातली चांदी काढतात. आक्काने तो ढीग फडक्यात बांधून त्याला दिला. आलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "नवी काच लागेल तुझ्या चित्राला." तुझ्या म्हणाली. मी त्या पैशांत काच बसवली, हेही लिहून टाकतो.

आक्का २००१ मध्ये गेली. दिवसकार्य आटोपल्यावर आईने सांगितले, की ती जर आक्काच्या लग्नातल्या शालूची होती. नेसायचा तर नव्हताच, तेव्हा तिने तो कापून लक्ष्मीला नेसवला होता. आई म्हणाली, "तुला ठाऊक असेल असं वाटलं." घरात सगळ्यांना ठाऊक होते. चित्रांचा इतिहास जमवणाऱ्या मला ठाऊक नव्हते, कारण मी कोणाला विचारले नव्हते. मी पट्टी वाचीत होतो.

त्यानंतर काही वर्षे मी चित्रे घेणे थांबवले. बोर्डाच्या कामासाठी भोपाळला जाणे होई, तेव्हा वेळ काढून भारत भवनात जात असे. १९८२ साली हे कलाकेंद्र उघडले. त्यासाठी चित्रकार स्वामीनाथन यांनी आदिवासी भागांत माणसे धाडली, आणि मंडल्याकडच्या पाटनगढचा एक परधान तरुण त्यांना सापडला, जनगढसिंह श्याम. घराच्या मातीच्या भिंतीवर काढणारा हा मुलगा भोपाळला आला, भारत भवनाच्या छापचित्र विभागात काम करू लागला. शाई, कागद, छाप ही सगळी साधने त्याच्या हाती आली आणि त्याने आपले देव त्यांत उतरवले. परधानांच्या देवांना तोवर रूप नव्हते असे म्हणतात, ते जनगढने दिले. २००१ मध्येच, जपानमधल्या एका संग्रहालयात काम करीत असताना, त्याने जीवनयात्रा संपवली. वय चाळिशीच्या आतच. पण त्याच्या मागे त्याच्या गोतातले कितीतरी जण चित्रकार झाले. त्यांतले भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंह उर्वेती यांचे झाडांविषयीचे एक पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ मध्ये काढले. काळ्या हातकागदावर एकेक पान हाताने छापलेले आणि प्रत्येक प्रतीवर क्रमांक. त्याची एक प्रत मी घेतली. मुख्याध्यापकाच्या खिशाला ती किंमत बोचली, पण घेतली. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आकड्याविषयी माझे मत या पुस्तकाने थोडे मऊ केले. आकडा ढोंगी असेल, पण आकड्याबरोबर नाव येते. डहाणू-तलासरीकडे वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढतात. तो काढायचा मान सुवासिनींचा. शेकडो वर्षे त्यांनी काढला आणि शेकडो वर्षे तो पुसला गेला. सत्तरीच्या दशकात भास्कर कुलकर्णी तिथे कागद घेऊन गेले, जिव्या सोमा म्हसे यांनी तो हाती घेतला, १९७५ मध्ये मुंबईत प्रदर्शन झाले, आणि वारली चित्रकार म्हणून जगाला पहिले नाव कळले ते पुरुषाचे. म्हसे थोर कलावंत, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली ती योग्यच. पण भिंतीवरच्या बायकांची नावे कुठे आहेत? अमिशांचेही पाहा. त्यांची चित्रे नंतरची, त्यांच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आधीच्या. गडद एकरंगी लोकरी कापडाचे चौकोन जोडून केलेल्या या गोधड्या १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या गेल्या, आणि मग संग्राहक शेतावर शेतावर जाऊन त्या विकत घेऊ लागले. बहुतेक गोधड्यांवर शिवणारणीचे नाव नसते.

मधल्या काळात बाजारही पालटला. नटवलेल्या रविवर्म्याच्या चित्रांना आता साध्या चित्रांइतकाच, कधी अधिकही भाव मिळतो. मुंबईचा एक व्यापारी घरी आला होता. आमची लक्ष्मी भिंगाने पाहून म्हणाला, "रंग फार सुंदर राहिलाय, पण भोकं आहेत सगळीकडे. खराब झालेला माल." साडीच्या काठाकाठाने टाक्यांची बारीक भोके आहेत, हे खरेच. दिव्यासमोर धरले तर पूर्ण पदराची रेघ उजेडात उमटते. मी त्याला चहा पाजून वाटेला लावले.

आता मी चित्रे घेत नाही, वही घेऊन फिरतो. बुऱ्हाणपूर, शहापूर, रावेर, मुक्ताईनगर, जिथे कोणाच्या घरी नटवलेली तसबीर आहे असे कळते तिथे जातो. काच काढायला लावत नाही. फोटो घेतो आणि वहीत लिहितो: चित्र कोणते, कापड कुठले, कोणी नटवले, तेव्हा तिचे वय काय. आजवर तेवीस चित्रे झाली. पैकी चौदांना नाव मिळाले, उरलेल्या नऊ घरांत "आजीनं केलं असेल" एवढेच उत्तर. आजीचे नाव काय, असे विचारले की घरातली कर्ती माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असे काही असेल तर अंकाच्या संपादकांकडे दोन ओळी जरूर पाठवाव्यात. आणि तोवर दिवाळीच्या सफाईत ते ओल्या फडक्याने पुसू नये, कापडाखालची खळ सुटते.

अमिशांचे चित्र मी लक्ष्मीच्या शेजारी लावले आहे. दोन महिन्यांपूर्वी रावेर तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. सरस्वतीचे चित्र, पांढऱ्या रेशमात नटवलेले. नव्वदीच्या घरातल्या आजी खाटेवर बसून होत्या, ऐकू कमी येत होते. मी मोठ्याने विचारले, हे कोणी केले? त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. मी वहीत नाव लिहू लागलो, तर म्हणाल्या, "सासरचं नको लिहू बाबा. तेव्हा लग्न झालं नव्हतं माझं. माहेरचं लिही." आणि त्यांनी ते मला दोनदा सांगितले, चुकू नये म्हणून.